सेझेडची ती कंटाळवाणी पानं सोडू नका

तुम्ही विचारलंय की ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’ या काल्पनिक जगातल्या कादंबरीमालेचा तिसरा भाग ‘द हीरो ऑफ एजेस’ निम्मा झाला, फॅड्रेक्स शहराचा वेढा काही संपत नाही, जुने धर्म जपणारा विद्वान सेझेड नुसता ते धर्म तपासत बसलाय, तर पुस्तक सोडून देऊ का? नका सोडू. मिस्टबॉर्नचे दोन भाग वाचून इथवर आलात, आता शेवट गाठाच.

तुमची तक्रार खरी आहे. वेढा लांबलाय. नायिका विन आणि तिचा नवरा एलेंड तेच तेच बोलतात. प्रकरणांच्या सुरुवातीची टिपणं कधी कधी नको इतकं समजावून सांगतात. त्यांचा तरुण साथीदार स्पूक, त्याची प्रकरणं तेवढी पळतात. पहिल्या वाचनात सेझेडची पानं मीही भराभर उलटली होती. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, सगळा शेवट त्याच पानांवर उभा आहे.

इथून पुढे शेवट फोडतोय. तुम्ही पुस्तक संपवून मगच वाचा.

जिच्यावर प्रेम होतं ती टिंडविल गेल्यापासून सेझेडची श्रद्धा उडालीय. जपलेल्या शेकडो धर्मांमधला एकेक तो काढतो, त्यात विसंगती सापडली की बाजूला ठेवतो. वाचताना वाटतं, हा माणूस गोष्टीतून बाहेरच पडला. आणि शेवटी रक्षण आणि विनाश या दोन्ही शक्ती त्याच्याच हाती येतात. राख, तांबडा सूर्य, जागेवरून हललेलं जग हे सगळं सावरायचं तर मुळात ते कसं होतं हे माहीत हवं. ते त्या टाकून दिलेल्या धर्मांमध्ये असतं. एका धर्माने नकाशे काढणं पवित्र कर्तव्य मानलेलं, दुसऱ्याने ताऱ्यांचा अभ्यास जपलेला. एकही धर्म पूर्ण खरा नव्हता, पण प्रत्येकाने जगाचा एकेक तुकडा सांभाळून ठेवला होता. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आता जग वाचवणाऱ्या ‘हीरो’बद्दलच्या भविष्यवाणीचं. ती सेझेडच्या लोकांच्या, टेरिस भाषेतली आहे, आणि तिच्यातलं सर्वनाम स्त्री की पुरुष ते सांगतच नाही. त्यामुळे आधी ‘तो’ धरून चाललेली माणसं नंतर ‘ती’ म्हणजे विन असं मानतात. सेझेड खच्ची केलेला आहे, त्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. इंग्रजीत हे मुद्दाम समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे भविष्यकाळच ते काम करतो: ‘येईल, जग वाचवील’. कोण येईल, तो की ती, क्रियापद पत्ता लागू देत नाही. मराठी वाचकाला ही जागा जास्त भिडावी असं मला मनापासून वाटतं.

आणि हा शेवट आयत्या वेळी चिकटवलेला नाही. पुस्तक 2008 चं, पण पहिला भाग 2006 मध्ये बाहेर पडण्याआधीच सँडरसनने तिसऱ्याचा खर्डा लिहून ठेवला होता. म्हणून तर शेवटी कळीचं ठरणारं विनच्या कानातलं ते साधं कर्णभूषण पहिल्या पुस्तकापासून आपल्या डोळ्यांसमोर असतं आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही.

पुस्तक संपलं की पहिल्या भागात परत जा आणि विनचा गुरू केल्सियर जवळ बाळगतो तो कागद शोधा. त्याच्या बायकोचा, मेअरचा. त्यावर एक फूल काढलेलं आहे, आणि त्या जगात फूल कुणी पाहिलेलंच नाही. मग स्पूक भुयारातून वर येतो ते पान पुन्हा वाचा. निळं आभाळ, हिरवळ, आणि फुलांमध्ये शेजारी शेजारी पडलेले विन आणि एलेंड.