ट्रक नसलेला रस्ता

प्रश्न : मुलीकडे फ्रान्सला चाललेय. अमळनेर-चोपडा रस्त्यावर ट्रक अगदी अंगावर येतात म्हणून सायकल सोडली. तिकडे निवांत रस्ता मिळेल का?

उत्तर : मिळेल ताई! बरगंडीतला जिव्री-क्लुनी मार्ग धरा. बंद रेल्वेच्या जागेवर १९९७ साली केलेली ४४ किलोमीटरची वाट, मोटारींना बंदी. आपली पाचोरा-जामनेरची छोटी गाडी आठवा. गाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून अशा वाटेचा चढही सौम्य. द्राक्षमळ्यांतून जाताना मला फक्त चाकाची सरसर ऐकू येत होती. वाटेत जुनी स्टेशनं लागतात, तिथे थांबाच. साध्या रस्त्यावर मात्र उजवीकडूनच चालवा. वळणावर सवय दगा देते. रविवारी दुपारी खेड्यातली दुकानं बहुधा बंद असतात, दशम्या बांधून घ्या.