गट तोच, पिशवीही तीच, मग आईला हुडहुडी का भरली?

तुम्ही लिहिलंय की आईचा गट ओ पॉझिटिव्ह, पिशवीही ओ पॉझिटिव्ह, तरी अर्धी पिशवी जाईपर्यंत थंडी वाजून ताप आला. रक्त चुकीचं दिलं का?

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. अशा तापात बहुतेक वेळा चूक गटाची नसते. आपण जुळवतो तो गट तांबड्या पेशींचा. पिशवीत दात्याच्या थोड्या पांढऱ्या पेशीही असतात आणि त्यांच्यावर रुग्णाचं शरीर चिडतं. बाळंतपणं झालेल्या बायकांत हे जास्त दिसतं, कारण पोटातल्या बाळाच्या पेशी परक्या ठरून आईच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींवर तुटून पडणारी प्रथिनं, आधीच तयार झालेली असू शकतात. म्हणजे कदाचित तुमच्याच जन्माची आठवण! पुढच्या वेळी पांढऱ्या पेशी गाळलेली पिशवी मिळेल का, ते डॉक्टरांना विचारा.

पण सिस्टरनी पिशवी ताबडतोब थांबवली असेल, तर ते बरोबरच केलं. चुकीच्या गटाची रिअ‍ॅक्शनही अशीच तापाने सुरू होते. मग कंबर दुखते, बीपी उतरतं, लघवी लाल होते. म्हणून उरलेली पिशवी आणि रुग्णाचं ताजं सॅम्पल आमच्याकडे परत येतं. आम्ही आधी नाव आणि नंबर ताडून बघतो. जीवघेणा घोटाळा बहुधा तिथेच असतो, सॅम्पलच्या नळीवर दुसऱ्याच खाटेचं लेबल.

आणि कागदावरचा 'ओ' दर वेळी खरा ओ असतोच असं नाही. १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, ज्यात ओच्या पेशींवरही असणारा एच हा घटकच नव्हता. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो, पण साधं ओ रक्त त्याला चालत नाही. क्रॉसमॅच लावलं, म्हणजे रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त नळीत एकत्र करून पाहिलं, की ओच्या पिशव्यांशी गुठळ्या होतात, तेव्हा कळतं. मी नोकरीत एकदाच पाहिला. पाचवी पिशवीही जुळेना तेव्हा आधी वाटलं, रसायनच खराब झालंय.

आईचा रिअ‍ॅक्शन रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा. तांबड्या पेशींवर ए, बी, ओशिवाय किडसारखे इतर गटही असतात; त्यांच्याविरुद्धची काही प्रतिपिंडं काही महिन्यांत इतकी कमी होतात की सॅम्पल स्वच्छ दिसतं. पुन्हा तसंच रक्त गेलं की आठवड्याभरात कावीळ दिसते आणि हिमोग्लोबिन परत खाली येतं. आमच्या नळीत तेव्हा काहीच दिसलेलं नसतं, आधी सापडलेलं प्रतिपिंड तुमच्या त्या कागदावर मात्र असतं.