एफए कप जिंकूनही विगन त्याच मोसमात खाली कसं गेलं?

तुम्ही विचारलंय की 2013 मध्ये विगन अॅथलेटिकने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप (इंग्लंडची लहान-मोठ्या सगळ्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा) जिंकला आणि तीनच दिवसांत प्रीमियर लीगमधून बाहेर पडले, हे कसं काय? कपच्या नादात लीगकडे दुर्लक्ष केलं का? आणि खालच्या श्रेणीत गेल्यावर त्यांना युरोपात खेळायला मिळालं का?

कपमुळे लीग गेली, हे स्पष्टीकरण मला अजिबात पटत नाही, जरी तेव्हा बऱ्याच जणांनी तेच दिलं होतं. लीग गेली ती बचावामुळे. आकडेच बघा. 2012–13 मध्ये विगनने लीगचे 38 सामने खेळले: 9 जिंकले, 9 बरोबरीत, 20 हरले. 47 गोल केले, 73 खाल्ले. 36 गुण आणि 18वा क्रमांक. खालचे तीन संघ दुसऱ्या श्रेणीत जातात, म्हणजे विगन नेमकं त्या रेषेच्या खाली राहिलं. आता त्याच मोसमातला एफए कप घ्या. सात सामने, 13 गोल केले आणि खाल्ले फक्त दोन. जो संघ लीगमध्ये सामन्याला जवळपास दोन गोल खात होता, त्याने कपात सगळे मिळून दोन खाल्ले.

याचं एक कारण ड्रॉ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून कोणाशी गाठ पडते ते. पहिल्यांदा बोर्नमथ आलं, तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीत होतं, आणि त्यांच्याशीसुद्धा घरी 1–1 झाल्यामुळे फेरसामना खेळावा लागला. तो बोसेयीच्या एका गोलवर निघाला. मग मॅकल्सफील्ड, जे वरच्या चारही श्रेणींच्या बाहेरचं. तिथे जॉर्डी गोमेसच्या पेनल्टीवर 1–0. मग दुसऱ्या श्रेणीतलं हडर्सफील्ड, 4–1. उपांत्य फेरीत मिलवॉल, तेही दुसऱ्या श्रेणीतलं. सिटीशी गाठ पडेपर्यंत प्रीमियर लीगमधला एकच संघ वाटेत आला, एव्हर्टन.

पण म्हणून कोणी याला नशिबाचा कप म्हटलं तर मी तेही मान्य करणार नाही. एव्हर्टनला त्यांच्याच गुडिसन पार्कवर 3–0 हरवलं, आणि ते तिन्ही गोल अर्ध्या तासाच्या सुमारास चार मिनिटांच्या आत झाले. फिगरोआ, मॅकमॅनामन, गोमेस. त्या वर्षी एव्हर्टन सहावं आलं होतं. अशा संघाच्या घरी जाऊन अशी मॅच जिंकायला नशीब पुरत नाही.

आता लीगकडे येऊ, कारण खरं उत्तर तिथेच आहे. विगन 2005 मध्ये पहिल्यांदा प्रीमियर लीगमध्ये आलं. छोटं गाव, त्यातही रग्बी लीगचं वेड असलेलं, 25 हजारांचं स्टेडियम, तेही रग्बीच्या संघाबरोबर वाटून घेतलेलं. मोठ्या पगाराचे खेळाडू टिकवणं शक्यच नव्हतं. 2011–12 मध्ये शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून ते वाचले होते. त्यात घरी मँचेस्टर युनायटेडला हरवलं, आर्सेनल आणि लिव्हरपूलला त्यांच्या घरी हरवलं, न्यूकॅसलला 4–0 धुतलं. लोकांना तो चमत्कार आठवतो. मला त्यानंतरचा उन्हाळा आठवतो: व्हिक्टर मोझेस चेल्सीला गेला, डियामे वेस्ट हॅमला, रोडायेगा फुलहॅमला. त्यांच्या बदल्यात आलेल्यांपैकी पुढच्या फळीत अरूना कोने चांगलाच निघाला, लीगमध्ये 11 गोल केले. पण मागे माणसं कमी पडली.

प्रशिक्षक रोबेर्तो मार्तिनेस तीन मधले बचावपटू ठेवून खेळायचे. ती पद्धत मला स्वतःला फार आवडायची, कारण एवढा छोटा क्लब बॉल पायात ठेवून, मागून पास जुळवत खेळायचा आणि हरत असतानाही लांब किका मारायला लागायचा नाही. मात्र तीन बचावपटूंची पद्धत चालवायची तर तसे निदान चार-पाच धडधाकट बचावपटू हाताशी हवेत. जानेवारीत इव्हान रामिसचा गुडघा गेला आणि त्याचा मोसम संपला. अल्काराझ बराच काळ बाहेर, कॅल्डवेल दुखापतीने हैराण, शेवटी फिगरोआही जायबंदी झाला. हॅम्बुर्गकडून उसना आणलेला पॉल शार्नर थेट मुख्य बचावपटू झाला. मागची फळी दर काही आठवड्यांनी नव्याने जुळवावी लागली. घरच्या मैदानावर अख्ख्या मोसमात लीगचे चारच विजय मिळाले: वेस्ट हॅम, रेडिंग, न्यूकॅसल आणि नॉर्विच. घरी चार सामने जिंकणाऱ्या संघाने वाचायची अपेक्षा तरी कशी धरावी?

थकव्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही, पण त्याची जागा शेवटच्या महिन्यात आहे आणि तीही नीट तपासायला हवी. 27 एप्रिलला घरी टॉटनहॅमविरुद्ध विगन 2–1 ने पुढे होतं. 89व्या मिनिटाला क्रॉस आला आणि एमर्सन बॉयसकडून स्वयंगोल झाला. त्याच बॉयसने 11व्या मिनिटाला समोरच्या गोलात बरोबरीचा गोल केला होता. मग 4 मे, वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियनच्या घरी 3–2 विजय. आणि मग 7 मे, घरी स्वान्सी. ही मॅच मला फायनलपेक्षा जास्त लक्षात आहे. मध्यंतराआधी एस्पिनोसाने गोल केला, 1–0. मध्यंतरानंतर राँखेलने बरोबरी केली, लगेच तीन मिनिटांत मॅकार्थीने पुन्हा पुढे नेलं, 2–1. सहा मिनिटांत शेख्टरने परत बरोबरी केली आणि 76व्या मिनिटाला टिएंडालीने 3–2. घरी, करो या मरोच्या सामन्यात, दोनदा आघाडी घेऊन दोनदा घालवली. स्वान्सी तोवर सुरक्षित होतं, फेब्रुवारीत लीग कपही (इंग्लंडची दुसरी बाद फेरीची स्पर्धा) जिंकून बसलं होतं, त्यांना त्या सामन्यातून काहीच मिळवायचं नव्हतं.

हिशेब करून बघा. 17व्या क्रमांकावरचं सुंदरलँड 39 गुणांवर वाचलं. विगनचे 36. नुसती स्वान्सीची मॅच जिंकली असती तर 39 झाले असते, पण गोलफरकात सुंदरलँड खूप पुढे होतं, कारण ते 73 गोल. त्यात टॉटनहॅमविरुद्ध निसटलेले दोन गुण मिळवले की 41 होतात आणि विगन वाचतं. म्हणजे एक 89व्या मिनिटाचा स्वयंगोल आणि एक दोनदा गमावलेली आघाडी. हे दोन्ही सामने कपच्या फायनलच्या आधीचे आहेत. फायनलमुळे पाय जड झाले म्हणायचं तर 14 मेच्या आर्सेनलच्या मॅचबद्दल म्हणता येईल, पण तोवर वेळ जवळजवळ निघून गेली होती.

आणि लीग कपचं म्हणाल तर तिथे विगन ऑक्टोबरच्या शेवटीच बाहेर पडलं होतं. चौथ्या श्रेणीतल्या ब्रॅडफर्ड सिटीने विगनच्याच घरी 0–0 नंतर पेनल्टीवर हरवलं. तेच ब्रॅडफर्ड पुढे आर्सेनल आणि अॅस्टन व्हिलाला हरवत थेट फायनलपर्यंत गेलं आणि तिथे स्वान्सीकडून 5–0 हरलं. मोठ्या संघांना छोट्यांनी पाडायचं ते वर्षच होतं.

मॅकमॅनामनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण विगनच्या कौतुकात ती सहसा गाळली जाते. 17 मार्चला न्यूकॅसलविरुद्ध त्याने मसादियो हैदाराच्या गुडघ्यावर अतिशय वाईट टॅकल केला. हैदाराला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. रेफ्रीने कार्ड दिलं नाही, आणि सामन्यातल्या अधिकाऱ्यांपैकी एकाने तरी तो प्रसंग पाहिला होता या नियमावर बोट ठेवून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने मागाहूनही कारवाई केली नाही. लाल कार्ड मिळालं असतं तर तीन सामन्यांची बंदी: नॉर्विच, क्वीन्स पार्क रेंजर्स आणि मिलवॉलविरुद्धची उपांत्य लढत. त्याच उपांत्य सामन्यात मॅकमॅनामनने दुसरा गोल केला. मी विगनच्या बाजूने मनापासून बोलतो, तरी त्या दिवशी अन्याय झाला असंच म्हणेन.

फायनल 11 मेला, वेम्बली, 86 हजारांहून जास्त प्रेक्षक. तिकडे संध्याकाळी सव्वापाच म्हणजे आपल्याकडे रात्री पावणेदहा. सिटीकडे अगुएरो, तेवेस, सिल्वा, याया तुरे. आदल्या वर्षी लीग जिंकलेला संघ. आणि तरी मॅच बघताना कुठेही असं वाटलं नाही की विगन जीव मुठीत धरून बसलंय. बॉल त्यांच्याकडे होता, पास नेहमीसारखेच चालू होते. पहिल्या अर्ध्यात तेवेसचा फटका गोलरक्षक होएल रोब्लेसने पायाने अडवला, तेवढा एक प्रसंग खरा धोक्याचा. उजवीकडून मॅकमॅनामन सतत अंगावर जात होता, आणि 84व्या मिनिटाला त्यालाच पाडल्याबद्दल सिटीच्या साबालेताला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो मैदानाबाहेर गेला. तोवर पाऊस जोरात आला होता.

बेन वॉटसन तीनच मिनिटं आधी मैदानात आला होता. नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर त्याचा पाय मोडला होता आणि जवळजवळ अख्खा मोसम बाहेर बसून तो नुकताच परतला होता. 91व्या मिनिटाला शॉन मलोनीने कॉर्नर घेतला. वॉटसन जवळच्या खांबाकडे धावत सुटला, उडी मारून डोकं लावलं, बॉल सिटीचा गोलरक्षक जो हार्ट याच्या वरून जाळीत. कॉर्नरवर असा गोल रोखायला खांबाजवळ एक माणूस पुरतो, आणि सिटीसारख्या संघाकडे तो त्या क्षणी नव्हता.

संघाला मैदानात घेऊन आले होते क्लबचे मालक डेव्ह व्हीलन. 1960 च्या फायनलमध्ये ब्लॅकबर्नकडून खेळताना मध्यंतराच्या आधी त्यांचा पाय मोडला होता. तेव्हा बदली खेळाडू नसायचे, उरलेला सामना ब्लॅकबर्नने दहा जणांत काढला आणि 3–0 हरले. पाय मोडलेल्या खेळाडूच्या क्लबला पाय मोडून परत आलेल्या खेळाडूने कप मिळवून दिला. कप उचलला दोघांनी मिळून, दुखापतीमुळे न खेळलेला कर्णधार कॅल्डवेल आणि त्याच्या जागी कर्णधारपद सांभाळणारा बॉयस. हो, दोन आठवड्यांपूर्वी स्वयंगोल झालेला तोच बॉयस.

मंगळवारी 14 मेला विगन आर्सेनलच्या घरी 4–1 हरलं आणि खाली गेलं. मलोनीने फ्री किकवर बरोबरी साधली होती, अर्ध्या वेळेपर्यंत 1–1 होतं, दुसऱ्या अर्ध्यात सात-आठ मिनिटांत सगळं सुटलं. एफए कप जिंकून त्याच मोसमात खाली जाणारा हा इतिहासातला पहिला क्लब. त्यानंतरही असं दुसऱ्या कुणाचं झालेलं नाही. (लीग कपबाबत घडलंय, 2011 मध्ये बर्मिंगहॅम सिटी.)

पैशाचं नुकसान जबर होतं. एफए कप विजेत्याला फायनलचे 18 लाख पौंड मिळाले. नेमक्या पुढच्या मोसमापासून प्रीमियर लीगचा नवा टीव्ही करार लागू झाला आणि त्यात तळाला राहिलेल्या संघालाही 6 कोटी पौंडांच्या आसपास मिळाले. मार्तिनेस उन्हाळ्यात एव्हर्टनला गेले, पाठोपाठ कोने, मॅकार्थी, अल्काराझ आणि रोब्लेसही तिकडेच गेले.

युरोपाचं उत्तर: हो, खेळू दिलं. एफए कप विजेत्याला युरोपा लीगची जागा मिळते, तो कोणत्या श्रेणीत आहे याचा संबंध नाही. रुबिन कझान, झुल्टे वारेगेम आणि मारिबोर यांच्या गटात विगन आलं, मारिबोरला घरी 3–1 हरवलं, पण पाच गुणांवर गटात तळाला राहिलं. त्या मोसमात त्यांनी सगळे मिळून 60 हून जास्त सामने खेळले, तरी लीगमध्ये पाचवे आले, प्लेऑफच्या उपांत्य फेरीत हरले. आणि एफए कपमध्ये पुन्हा मँचेस्टर सिटीच्या घरी जाऊन त्यांना 2–1 हरवलं.

सामने मिळवून बघायचा विचार असेल तर फायनलच्या आधी 7 मेची स्वान्सीची मॅच बघा. मार्तिनेसचा संघ पुढे किती सुंदर खेळायचा आणि मागे किती उघडा पडायचा, दोन्ही त्याच 90 मिनिटांत दिसतं.