उपटायचं तर पेरायचं कशाला?

ऑरेंज, न्यू साउथ वेल्स
मंगळवार, 30 सप्टेंबर, रात्री

लाडक्या चिऊ,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, घटातलं धान खायचं नाही, वाढू द्यायचं नाही, दसऱ्याला उपटायचं. मग पेरायचं कशाला?" मी ड्यूटीवर निघाले होते, म्हणून "नंतर सांगते" म्हणाले. पण दिवसभर वॉर्डात फिरताना तुझा प्रश्नच डोक्यात घोळत होता. या पत्राचा फोटो मामाच्या फोनवर पाठवतेय. आधी स्वतः वाच, अडलीस तर मामाला विचार.

आजीच्या गावापासून सुरुवात करते. बार्शीकडे पाऊस बेभरवशाचा, पण जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. तिथली खरी ज्वारी रब्बीची, मालदांडी वाणाची. पाऊस सरत आला की नवरात्राच्या आगेमागे तिची पेरणी. माझ्या आजोबांच्या घरी बी विकत आणायची रीत नव्हती. आदल्या वर्षीची टपोरी कणसं बाजूला काढायची, दाण्यांना राख चोळायची, कडुलिंबाचा पाला घालून ते वर्षभर जपायचे. आता हे बी उगवेल की आत किडलंय, हे वावरात टाकल्यावर कळून काय उपयोग? एकदा ओल उडाली की दुबार पेरणीला वेळच उरत नाही. म्हणून वावरातलीच माती घ्यायची, तिच्यात घरचं बी टाकायचं, मधे पाण्याचा घट ठेवायचा आणि नऊ दिवस बघायचं. दसऱ्याला आजोबा घटाजवळ उकिडवे बसायचे आणि बोटाने धान अलगद बाजूला करत मुळाशी बघायचे. कुठे दाट आलंय, कुठे विरळ. बोलायचे काही नाहीत, पण पाभरीवर, म्हणजे पेरणीच्या अवजारावर, कुठलं बी जायचं ते तिथे ठरायचं.

देवीची पूजा म्हणून घट बसवतात हे तर तुला माहीतच आहे. त्या पूजेतच ही शेतकऱ्याची बी बघण्याची रीत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

तू मामाकडे गेलीस त्याच दिवशी, शनिवारी, मी शेजारच्या आजींकडे अंडी आणायला गेले होते. त्यांच्या ओट्यावर बशीत ओला पेपर टॉवेल होता आणि त्यात घेवड्याच्या दहा बिया ओळीने मांडलेल्या. दोन वर्षांपूर्वीचं पाकीट सापडलं होतं म्हणे. सात बियांना मोड आले होते, तीन बुळबुळीत होऊन कुजल्या होत्या. "दहात सात, म्हणजे थोडं दाट पेरायचं," त्या म्हणाल्या. त्या सातांचं काय करणार, विचारलं, तर म्हणाल्या, कोंबड्यांना. मी तिथेच हसले. तू मला रविवारी जे विचारलंस त्याचं उत्तर शनिवारीच त्या बशीत मिळालं होतं.

आता आपल्या घटाची हकिगत. बी-बियाणं भारतातून सहज आणू देत नाहीत, म्हणून खाद्याच्या दुकानातून आपण कोंबड्यांचे गहू आणले आणि कबुतरांच्या खाद्यातली ज्वारी दोघींनी ताटात निवडली, आठवतं ना? पिशवीतली माती घ्यायची नाही हेही आपलं ठरलं होतं. त्या पिशवीवर मास्क लावा, हातमोजे घाला असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही, त्या मातीतल्या जंतूंमुळे न्यूमोनिया होऊ शकतो. माती आपल्या वाफ्यातलीच हवी होती. आजीची माती काळी आणि आपली तांबडी, पण दोन्ही ज्वालामुखीच्या बसाल्टची. आपली कॅनोबोलासच्या डोंगराची. घट बसवताना हे सांगितलं तेव्हा आजीला केवढा आनंद झाला होता!

22 तारखेला घट बसले आणि तिसऱ्या दिवसापर्यंत काहीच दिसेना. गावी एवढ्यात हिरवं टोक वर आलेलं असतं. बसवलेला घट हलवायचा नसतो, म्हणून बाबांनी हीटरच त्याच्याजवळ आणून ठेवला. शनिवारी तू निघाल्यावर गव्हाची टोकं दिसली. आज गहू तीन बोटं झालाय, कोपऱ्यात उजेड कमी म्हणून फिकट पिवळा. ज्वारी मात्र अजून नाही. मला वाटलं बीच मेलेलं असणार. मग शेजारच्या आजींसारखे दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या वर, उबेला ठेवले. आज उघडून बघते तर नऊंना मोड! बी चांगलं आहे, ज्वारीला इथली माती अजून गार आहे, एवढंच. गहू थंडीतही उगवतो, ज्वारी ऊब मागते. बार्शीचा घट आणि आपला घट, दोघांनी आपापल्या जागेचं खरं सांगितलं.

ते मी आधी ऐकायला हवं होतं. टोमॅटोची रोपं घाईने बाहेर लावली होती ना, शनिवारी रात्री दव गोठलं, म्हणजे हिमाचा थर गवतावर पांढरा, आणि सकाळी चारही रोपं काळी पडून लोळली होती. आपलं गाव साडेआठशे मीटरच्या वर, सिडनीसारखं समुद्राकाठी नाही. इथले जुने बागवाले मेलबर्न कपच्या घोड्यांच्या शर्यतीची वाट बघतात, नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, तोवर टोमॅटो बाहेर काढत नाहीत. जशी गावी मृगाची वाट बघतात तशी. मेथी आणि कोथिंबीर मात्र छान तरारली आहे, त्यांना ही हवा मानवते.

तू म्हणशील, बीच बघायचं तर पेपर टॉवेल पुरे, दिवा आणि माळ कशाला? अगं, बशी विसरली जाते. देवीपुढे ठेवलं की घरातलं प्रत्येक माणूस रोज तिथे जातं, तेल घालतं, हात जोडतं आणि आपोआप मातीकडे बघतं. उगवणं आपल्या हातात नाही, एवढं तिथे उभं राहिलं की मनापासून पटतं. मला तरी पटतं. रात्रपाळीहून आले की मी आधी तिथेच जाते.

माळेला इथे झेंडू नाही, तो उन्हाळ्यातला. म्हणून कॅलेंड्युला ओवतेय. दिसायला झेंडूचा भाऊ, पण देठांचा चीक असा की सुई बोटांतून सुटत नाही. काल तीन फुलं कमी पडली, ती शेजारच्या आजींनी कुंपणावरून दिली.

आणि उपटलेलं धान टाकायचं नसतं गं. ते आधी देवीला, मग आजोबांच्या टोपीत, बाबांच्या कानावर, तुझ्या वेणीत. थोडं शेजारी द्यायचं. उरलेलं मातीसकट वाफ्यात, जिथून माती घेतली तिथे. या वर्षी शेजारच्या आजींच्या हॅटमध्येही खोवू या, त्यांना मी काल सांगून ठेवलंय.

गुरुवारी दसरा, दुपारपर्यंत या. मामाच्या मागल्या अंगणात कांचन आहे, त्याचं पानही आपट्यासारखं मधे चिरलेलं, एकाच कुळातलं. आता झाड फुलांवर असेल, पानं थोडीच असतील. झाडाला विचारून पाच तोड, दिवस मावळायच्या आत, आणि ओल्या रुमालात गुंडाळून आण. सायकलचं हेल्मेट मात्र मामाच्या गाडीतच विसरलीस. ते आण, शाळेच्या रस्त्यावर मॅगपाय पक्ष्यांची पिल्लं झालीत, काल एक मॅगपाय माझ्याच डोक्यावर झेपावला.

तुझी,
आई