मज्जातंतूंतून वीज वाहते म्हणतात, मग दोन चेतापेशींच्या मध्ये फट आणि रसायन कशासाठी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मज्जातंतूची रचना कशी असते, आणि संदेश विजेचाच असेल तर दोन पेशी थेट जोडलेल्या का नाहीत. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच दडलेलं आहे, म्हणून ओळीने सांगतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. ‘इंजेक्शनला नस सापडेना’ यातली नस म्हणजे शीर, म्हणजे रक्तवाहिनी. ‘मानेत नस दबली’ यातली नस म्हणजे मज्जातंतू. तो नळीसारखा पोकळ नसतो. आडवा कापून पाहिला तर विजेच्या जाड केबलसारखा दिसतो: शेकडो-हजारो अक्षतंतू, त्यांच्या जुड्या, प्रत्येक जुडीभोवती पातळ आवरण आणि सगळ्यांना बांधून ठेवणारं बाहेरचं जाड वेष्टण. अक्षतंतू म्हणजे एकाच चेतापेशीची लांब शेपटी. पावलातला स्नायू हलवणाऱ्या पेशीचं मुख्य शरीर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतं आणि शेपटीचं टोक पावलात. लांबी जवळपास एक मीटर, जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून जास्त नाही. पेशीच्या दुसऱ्या बाजूला फांद्या फुटलेल्या असतात, त्या वृक्षिका. संदेश वृक्षिकांवर येतो, अक्षतंतूवरून पुढे जातो.

आता वीज. तांब्याच्या तारेची कल्पना इथे बाजूला ठेवा, कारण सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात. अक्षतंतूत विद्युतभार लांबीच्या दिशेने टोकापर्यंत धावत जात नाही. खरी हालचाल भिंतीतून होते, आत-बाहेर. पेशीच्या आवरणातले पंप सतत 3 सोडियम आयन बाहेर टाकतात आणि 2 पोटॅशियम आयन आत घेतात. त्यामुळे बाहेर सोडियम दाटतं, आत पोटॅशियम. यातलं थोडं पोटॅशियम आपल्या वाटेने बाहेर झिरपतं आणि आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण राहते. आकडा किरकोळ वाटेल, पण ते आवरण जेमतेम 7 नॅनोमीटर जाड आहे. त्या हिशेबाने मीटरमागे एक कोटी व्होल्ट इतका ताण त्या भिंतीवर अखंड असतो.

कुठल्याही कारणाने आतला ऋण दाब उणे 70 वरून उणे 55 च्या आसपास आला, की आवरणातली सोडियमची दारं एकदम उघडतात. सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते, त्याचा धक्का शेजारच्या दारांना बसतो आणि तीही उघडतात. सुरुंगाची वात जळते तसं हे आहे. प्रत्येक ठिकाणी नवी ठिणगी पडते, म्हणून मीटरभर गेल्यावरही संदेश फिका पडत नाही. जळून गेलेल्या भागात मागे आग फिरत नाही, तशी नुकती मिटलेली सोडियमची दारं लगेच उघडत नाहीत. फरक इतकाच, की ही वात एक-दोन मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार होते. ठिणगी लहान-मोठीही नसते. पडते किंवा पडत नाही. हळू स्पर्श आणि जोराचा दाब यांतला फरक सेकंदाला किती ठिणग्या आणि किती तंतूंतून, यावर कळतो.

वेग कशावर ठरतो? जाडीवर आणि मायलिनवर. मायलिन हे तंतूभोवती गुंडाळलेलं चरबीयुक्त वेष्टण. त्यात साधारण मिलिमीटरभर अंतराने उघडे सांधे असतात, आणि ठिणगी फक्त त्या सांध्यांवर पडते. मायलिन असलेल्या जाड तंतूत वेग सेकंदाला 100 मीटरच्या वर जातो; मायलिन नसलेल्या बारीक तंतूत एखादा मीटर. पायाला ठेच लागते तेव्हा हे स्वतः अनुभवता येतं. आधी टोचल्यासारखी तीक्ष्ण कळ येते, आणि सेकंदभराने ती ठसठसणारी, पसरत जाणारी वेदना. दोन्ही संदेश एकदमच निघालेले असतात, रस्ते वेगळे.

आता फटीकडे येऊ. वात मधोमध पेटवली तर दोन्ही टोकांकडे जळते. अक्षतंतूचंही तसंच आहे, त्याला स्वतःची दिशा नसते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तिथे हाडालगत, कातडीच्या जवळून एक मज्जातंतू जातो. धक्का बसला कोपरावर, पण ठिणगी दोन्हीकडे धावते. खाली बोटाकडे गेलेली तिथेच संपते. वर मेंदूकडे गेलेली पोचते, आणि मेंदू एवढंच ओळखतो की ही ओळ करंगळीची आहे. मग झिणझिण्या करंगळीत जाणवतात.

दिशा ठरते ती फक्त सिनॅप्सपाशी. शाळेच्या पुस्तकात त्याला संपर्कस्थान म्हणतात, पण गंमत अशी की तिथे पेशी एकमेकींना टेकतच नाहीत. मधली फट सुमारे 20 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. ठिणगी टोकाशी आली की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या आवरणाला चिकटून फुटतात, रसायन फटीत सांडतं, पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांवर, बसतं आणि तिकडची दारं उघडतात. या सगळ्याला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पिशव्या एकाच बाजूला, ग्राही दुसऱ्या बाजूला, म्हणून वाहतूक एकेरी.

हे रसायनच आहे, हे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून ठोके मंदावले, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, आणि तेही मंदावलं. दुसऱ्याच्या मज्जातंतूला कुणी हात लावला नव्हता. त्यांना 1936 चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

थेट जोडणी शरीराला येत नाही असं नाही. हृदयाच्या स्नायूपेशी तशाच जोडलेल्या आहेत, मेंदूतही काही ठिकाणी तशी जोडणी आहे. पण तिथे आलेलं तसंच्या तसं पुढे जातं. फटीत हिशेब होतो. मेंदूतल्या एका सिनॅप्सचा धक्का बहुधा मिलिव्होल्टभराचाही नसतो, आणि पेटायला सुमारे 15 हवेत. म्हणजे अनेक धक्के जवळजवळ एकाच वेळी आले तरच पुढची पेशी पेटते. शिवाय सगळी रसायनं ‘हो’ म्हणणारी नसतात: ग्लुटामेट पेटवतं, गाबा विझवतं. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही इथेच होतात. वापरानुसार ग्राहींची संख्या कमी-जास्त होते, शिकणं घडतं ते बरंचसं यातून. माझ्या मते फट नसती तर मेंदू म्हणजे नुसतं तारांचं भेंडोळं झालं असतं.

बिघाड कुठे झाला यावरून लक्षणं बदलतात. दातासाठी देतात ते लिडोकेन सोडियमची दारं बंद करतं. वात पेटतच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन झिजतं. फटीतल्या बिघाडाचं ठळक उदाहरण म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं. स्नायूपाशी अ‍ॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन सांडल्यावर ते तोडणारं विकर तिथेच असतं. ही विषं त्या विकराला निकामी करतात. रसायन साचत जातं, लाळ आणि घाम वाहतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबतात. त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात, ते लाळ आणि छातीतला स्राव आटोक्यात आणतं, पण स्नायूंवरच्या ग्राहींवर त्याचा उपयोग नसतो. म्हणून कृत्रिम श्वास लागू शकतो. अशी लक्षणं दिसली तर अंगावरचे कपडे काढून, त्वचा साबण-पाण्याने धुऊन तातडीने रुग्णालयात न्यायचं. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण विष कातडीतूनही शिरतं.

दबलेल्या किंवा सोललेल्या तंतूत मुंग्या, बधिरपणा, जळजळ अशी लक्षणं येतात. स्नायूपाशी फटीत बिघाड असेल तर स्पर्श अगदी शाबूत राहतो, फक्त ताकद वापरेल तशी संपत जाते. मायस्थेनिया या आजारात शरीराची प्रतिपिंडंच ग्राही नष्ट करतात. सकाळी डोळे नीट उघडे असतात आणि संध्याकाळपर्यंत पापणी खाली येते. तपासणीतही हाच भेद वापरतात. मज्जातंतूला एकच झटका देऊन वेग मोजला की मायलिनची अवस्था कळते. सेकंदाला 2-3 या गतीने झटके देत गेल्यावर स्नायूचा प्रतिसाद चौथ्या-पाचव्या झटक्यापर्यंत दहा टक्क्यांहून जास्त घसरला, तर डॉक्टर तंतू सोडून फटीकडे पाहू लागतात.