जावई अमेरिकन, घराणं 1600 च्या शतकापासून व्हर्जिनियातल्या नॉर्थॅम्प्टन काउंटीचं. सांगलीत बसून वंशावळ शोधता येईल का?

काकू, येईल. आणि नेमकी हीच काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) निघाली हे नशीबच म्हणायचं. मी नॉरफोकला राहते, खाडीवरचा 28 किलोमीटरचा पूल-बोगदा ओलांडला की नॉर्थॅम्प्टन, तिथे ईस्टव्हिल गावात कोर्टाची दप्तरं 1632 पासून सलग आहेत, अख्ख्या अमेरिकेत इतकी जुनी सलग दप्तरं दुसरीकडे नाहीत. व्हर्जिनियातल्या कितीतरी काउंट्यांनी यादवी युद्धात कागद जपायला म्हणून रिचमंडला पाठवले आणि एप्रिल 1865 च्या आगीत ते तिथेच जळाले. इथले कागद जागचे हलले नाहीत म्हणून वाचले.

आधी जावयांकडून आजी-आजोबा, पणजोबा एवढं लिहून घ्या आणि मागे मागे जा. एकदम 1600 वरून खाली यायला जाऊ नका, एकाच नावाची चार माणसं सापडतात आणि आपल्याला आवडेल तो आपला पूर्वज ठरतो. ऑनलाइन तयार झाडं मिळतात तीही एकमेकांवरून उतरवलेली असतात. मागे जाताना 1850 पर्यंत जनगणना कामाला येते, त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे (गुलामांचं सोडून, त्यावर खाली लिहिते), त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं, आणि 1790 च्या आधी तर देशभरची जनगणनाच नाही. तिथून मागे सगळी भिस्त कोर्टाच्या वह्यांवर: मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त, करपात्र माणसांच्या याद्या आणि ऑर्डर बुक (कोर्टाच्या कामकाजाची वही).

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट खातं उघडा, कॅटलॉगमध्ये काउंटीचं नाव टाका, जुन्या वह्यांच्या मायक्रोफिल्मची पानं दिसतात, काही घरून, काही फक्त त्यांच्या सेंटरवर. अ‍ॅकोमॅक नावानेही शोधा, कारण 1634 ला काउंटी झाली तेव्हा हेच नाव होतं, मग नॉर्थॅम्प्टन झालं आणि 1663 ला उत्तरेचा भाग तोडून परत अ‍ॅकोमॅक नावाची वेगळी काउंटी केली. माणूस जागचा हलला नाही तरी त्याचे कागद दोन ठिकाणी असतात.

आता जिथे मी स्वतः फसले ते सांगते. एका मैत्रिणीच्या घराण्यात लग्न एप्रिल 1689 आणि मुलाचा जन्म फेब्रुवारी 1689 असं आलं, मी बाई लग्नाआधीचं मूल असं लिहून मोकळी झाले. पण इंग्रजी अमलात 1752 पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे त्यांचा फेब्रुवारी 1689 एप्रिलनंतर येतो, आपल्या हिशेबाने 1690. मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेलं! तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईवर उगाच ठपका ठेवला याचं मला फार वाईट वाटलं. तसंच सीनियर-ज्युनियर म्हणजे बाप-लेकच असं नाही, गावात एकाच नावाचे दोघे असले तर थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ. अक्षराला मात्र घाबरू नका, मोडी शिकताना जसं एकाच लेखनिकाचं अक्षर आठवडाभर वाचलं की डोळा बसतो तसंच इथे.

आणि खरं सांगू, नुसतं आडनाव सर्च करू नका, ऑर्डर बुक पानापानाने वाचा. शेजारी, साक्षीदार, कर्ज, पैशांऐवजी तंबाखू तोलून पौंडांत भरलेले दंड, विधवेचं दुसरं लग्न (बाईचं माहेर बहुतेक वेळा बापाच्या मृत्युपत्रातच सापडतं), सगळं त्यात आहे. अँथनी जॉन्सन याच वह्यांमुळे आपल्याला माहीत आहे: 1621 ला व्हर्जिनियात 'अँटोनियो' म्हणून आणलेला आफ्रिकन माणूस, पुढे मोकळा झाला, 1651 ला 250 एकर जमीन त्याच्या नावावर, आणि 1655 ला त्यानेच जॉन कॅसोर या काळ्या माणसावर जन्मभराचा हक्क सांगितला तो कोर्टाने मान्य केला. एका माणसात एवढं सगळं, हे नुसत्या वंशावळीत कधी कळलं नसतं.

आपलाही एक धागा आहे. नॉर्थॅम्प्टनचा नाही, खाडीच्या अलीकडचा. 1635 ला जॉर्ज मेनिफी नावाच्या जमीनदाराच्या कागदात 'टोनी, ईस्ट इंडियन', म्हणजे हिंदुस्तानच्या बाजूचा, अशी नोंद आहे. माणूस आणला की माणशी 50 एकर मिळायचे म्हणून त्याचं नाव लिहिलं गेलं. कुठल्या गावचा, खरं नाव काय, काही नाही. मी ते वाचून बराच वेळ तशीच बसले होते.

म्हणून एक विनंती. जावयांच्या घराण्याच्या मृत्युपत्रांत, मालमत्तेच्या याद्यांत गुरं-भांड्यांच्या ओळींमध्ये गुलामांची नावं येऊ शकतात, ती सोडू नका, सालासकट वेगळी लिहून फॅमिलीसर्चवर टाका. सगळ्या काळ्या माणसांची नावं देशाच्या जनगणनेत आली ती 1870 ला, त्याआधी त्यांच्या वंशजांना पणजी-खापरपणजी शोधायला असले दुसऱ्यांच्या घरचे कागदच आहेत.

शेवटचं खात्रीचं नाव आणि साल कुठलं ते कळवा काकू, पुढच्या महिन्यात ईस्टव्हिलला जाणार आहे, तेव्हा वही काढून बघते.