भज्जीचं सँडविच आणि भिजणारा पाव

प्रश्न : ताई, लातूरला ट्यूशन एरियाजवळ आमचं छोटं नाश्ता सेंटर आहे. पोराच्या डोक्यात मोठ्ठं, दोन माणसांना पुरेल असं सँडविच आहे, आत येळवशीची भज्जी (ओल्या दाण्यांची बेसन लावलेली भाजी) आणि ठेचा. करून बघितलं, पण पाव भिजून तुटतो आणि निम्मी भज्जी हातावर येते. पावाऐवजी ज्वारीची भाकरी वापरावी का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तुमच्या पोराची कल्पना मला फार आवडली. चीज-मेयोनीजची सँडविचं गल्लोगल्ली मिळतात. भज्जी मात्र लातूर-धाराशिवकडची, आणि तीही एरवी येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात बसून खायची.

भाकरी नको. गरम असते तोवर ती छान वळते, निवली की कडक होते आणि दुमडताना मोडते. पोरांच्या हातात सँडविच जाईपर्यंत ती निवणारच. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून तिचा नुसता पावही फुगत नाही. मैद्यात पाचवा हिस्सा ज्वारीचं पीठ घालून बेकरीवाल्याकडून पाव करून घ्या. चव येते आणि पाव उभा राहतो.

आणि हा पाव तुमच्या मापाचा करून घ्या. लादीपावाचे चार तुकडे जोडून मोठं सँडविच होत नाही, ते जोडावरच उसवतं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला १९२९ साली ट्रामवाल्यांचा संप झाला, तेव्हा बेनी आणि क्लोविस मार्टिन या हॉटेलवाल्या भावांनी संपकऱ्यांना फुकट सँडविचं खाऊ घातली. त्यांच्यासाठी जॉन जेंड्यूसा नावाच्या बेकरीवाल्याने टोकांना निमुळता न होणारा लांब पाव बनवला. टोकं वाया जाईनात, तुकडे सारखे पडू लागले. त्याच गावात मफुलेटा नावाचं गोल सँडविच मिळतं, साधारण दहा इंचांचं. ते अर्धं आणि चतकोरही विकतात. तुम्हीही अर्धं विका. ट्यूशनच्या पोरांच्या खिशाला तेच परवडेल.

आता भिजण्याचं. भज्जी आपण भाकरीशी कालवून खातो, म्हणून ती सैल ठेवतो. सँडविचसाठी बेसन थोडं जास्त लावा आणि कढईत उलथणं फिरवलं की तळ दिसेल इतकी आटवा. नंतर पूर्ण निवू द्या. गरम भज्जीची वाफ आत कोंडते आणि पाव आतून ओला होतो. पाव मधोमध चिरून आतली बाजू तव्यावर तेल सोडून लालसर भाजा. ठेच्यात भाजलेले शेंगदाणे जास्त घेऊन खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटा आणि दोन्ही बाजूंना कडेपर्यंत लावा. ठेचा चवीचं काम करतोच, शिवाय हा तेलकट थर भज्जीचं पाणी पावापर्यंत जाऊ देत नाही. कांदा पातळ चिरा, पण त्याला आधी मीठ लावू नका, लगेच पाणी सुटतं. भरून झालं की वर जड तवा ठेवून दोन मिनिटं दाबा, मगच कापा. दाबलेलं सँडविच हातात सुटत नाही.

बांधायला वर्तमानपत्र वापरू नका. शाई अन्नाला लागते, सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही (एफएसएसएआय) त्याला मनाई केली आहे. साधा बटर पेपर आणा.

एक गोष्ट पोराला सांगा. ओला हरभरा, तुरीचे आणि वाटाण्याचे ओले दाणे थंडीतच मिळतात. फ्रीझरमधल्या वाटाण्यावर बाराही महिने भज्जी रेटू नका, ती चव येत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कोरडा झुणका भरा. तो मुळातच सुका, त्यामुळे पावाची काळजी निम्म्यावर येते. सोबत छोट्या पेल्यात आंबील द्या, ज्वारीच्या पिठाची, ताकातली. ठेच्याने जीभ पेटलेल्या पोरांना दुसरं काही लागणार नाही.